बार्शी लाइटचे इंजिन घरच्या घरी

ज्या माणसाने या पानावर हरभऱ्याच्या घाटेअळीविषयी आणि कांद्याच्या साठवणीविषयी लिहायचे, त्याने आज खेळण्यातल्या आगगाडीविषयी लिहावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण लेख पुरता वाचा, मग ठरवा. हे काम मी आणि माझ्या पुतण्याने गेल्या उन्हाळ्यात केले. त्यात आम्ही चुकलोही बरेच. त्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

प्रथम कारण सांगतो. आमचे गाव बार्शीच्या बाजूचे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते बार्शी लाइटच्या छोट्या गाडीवर की-मन होते. हातात हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, सैल खिळा ठोकायचा, ढिला नट आवळायचा, हे त्यांचे काम. आज त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी आहे आणि दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने त्यांना विचारले, "आजोबा, तुम्ही म्हणता ती गाडी गेली कुठं?" अण्णा म्हणाले, "उचलून न्हेली. रूळ बी उचलला, खिळा बी उचलला. आता सांगून तुला काय कळायचं?"

ते वाक्य माझ्या मनाला लागले. या माणसाने अडतीस वर्षे ज्या रुळाची राखण केली, तो रूळ आता नाही. त्यांच्या मागे तो कसा होता हे सांगणाराही उरणार नाही. म्हणून आम्ही ठरवले, की गाडीचा नमुना करायचा, आणि अण्णांचे हात शाबूत आहेत तोवर त्यांच्या हातात द्यायचा.

ही गाडी होती तरी काय?

नमुना करण्याआधी मूळ वस्तू समजून घ्यावी लागते. बी पेरण्याआधी जमीन पाहतो, तसेच हे.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. आज ज्याला आपण कुर्डुवाडी म्हणतो, त्या स्थानकाचे नाव तेव्हा बार्शी रोड होते. तिथून बार्शी गावापर्यंत ही छोटी लाइन टाकली गेली. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. मिरज ते लातूर असा एकूण पल्ला २०२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरचा झाला. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कापूस, धान्य, गळिताचा माल आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी या गाडीने वाहिले. १९५४ साली सरकारने ही लाइन कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. पुढे टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले. २००८ साली बार्शीवरून मोठी गाडी धावू लागली, आणि मिरजेकडचा भाग त्यानंतर पुरा झाला.

ही लाइन उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. तो १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. त्याने जो विचार केला, तो बैलगाडी हाकणाऱ्याला चटकन समजेल. गाडीत माल एकाच बाजूला भरला, तर एका बैलाच्या मानेवर जू चढते आणि एकाच चाकाखाली वाट खचते. तेच ओझे सारखे वाटून दिले, तर हलक्या वाटेवरूनही जास्त माल जातो. कॅल्थ्रॉपने इंजिन असो की डबा, कोणत्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा नियम घालून घेतला. त्यामुळे यार्डाला ३५ पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला सुमारे १७ किलोचा हलका रूळ पुरला. आजच्या मोठ्या लाइनचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो, यावरून फरक ध्यानात घ्या. रूळ हलका म्हणून लाइन स्वस्त, आणि लाइन स्वस्त म्हणून ती बार्शीसारख्या बाजारपेठेला परवडली.

गाडी हिंदुस्थानात येण्यापूर्वी तिची चाचणी इंग्लंडात लीड्स शहराजवळ खास रूळ टाकून घेतली गेली. पुढे याच कॅल्थ्रॉपने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची अशीच अडीच फुटी लाइन बांधली. ती १९०४ ते १९३४ चालली आणि तिच्यावर गवळ्यांच्या दुधाची वाहतूक होई. म्हणजे आपल्या बार्शीच्या गाडीची धाकटी बहीण विलायतेत दूध वाहत होती. हा माणूस जनावरांचाही मोठा षौकी. घोड्याला मारून नव्हे, प्रेमाने शिकवावे, असे सांगणारे पुस्तकही त्याने लिहिले आहे.

आमची पहिली चूक : काळ ठरवला नाही

पुस्तकांत बार्शी लाइटचे जे इंजिन हटकून भेटते, ते पहिले, लीड्सच्या किटसन कारखान्याचे. मध्ये एकमेकांना जोडलेली आठ चाके, मागे कोळशाच्या खणाखाली चार लहान चाके, आणि पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना. पाणी-कोळसा सगळे इंजिनाच्याच अंगावर. अशी पाच इंजिने पहिल्याने आली. आम्ही तेच करायला घेतले. महिनाभर राबून पत्र्याचा सांगाडा उभा केला आणि हौसेने अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी बोटांनी पुढून मागे चाचपले. धुराडे, घुमट, ड्रायव्हरची केबिन. मग मागे हात गेला आणि थांबला.

"आरं, ह्येला टेंडर कुठं हाय?"

मी म्हणालो, "अण्णा, पहिलं इंजिन असंच होतं. पुस्तकात आहे."

"आसंल. पर माझं न्हवं."

ते खरे होते. नंतरच्या काळात पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन चाकांची इंजिने या लाइनवर आली. त्यांच्या मागे पाणी-कोळशाचा स्वतंत्र डबा, म्हणजे टेंडर, जोडलेला असे. वाफेच्या अखेरच्या दिवसांपर्यंत बहुतेक तीच दिसत. अण्णा १९५७ साली नोकरीला लागले. त्यांच्या कानांत बसलेले इंजिन ते. मी स्वतः लहानपणी ज्या गाडीने पंढरपूरला गेलो, तिलाही टेंडरच होते. मी ते विसरून पुस्तकातले इंजिन करत बसलो होतो.

तेव्हा पहिला नियम लक्षात ठेवा. प्रथम साल ठरवा, मग इंजिन निवडा. साल ठरले की बाकीचे आपोआप ठरते. १९५४ पूर्वीचे स्थानक दाखवायचे असेल तर डब्यांवर कंपनीची अक्षरे हवीत. १९७० च्या सुमाराचे दाखवायचे असेल तर ती चालणार नाहीत. एका डब्याशेजारी पटकीवाला शेतकरी आणि दुसऱ्याशेजारी मोटारसायकल उभी केली, तर पाहणाऱ्याला काहीतरी चुकले आहे हे कळते, मग त्याला ते नेमके सांगता येवो अथवा न येवो. आम्ही १९६० हे साल धरले.

आमचे दैव एवढे बरे, की दोन्ही इंजिनांची मधली चाके आठच. आम्ही चाके, दांडे आणि मोटर वाचवली, पत्र्याचा सांगाडा मात्र मोडून पुन्हा कापला. पुतण्या दोन दिवस रुसला होता. पण टेंडर आल्यामुळे एक अडचण सुटली, ती पुढे सांगतो.

विकत मिळते का?

हा प्रश्न बहुतेकजण आधी विचारतात. बार्शीचे इंजिन तयार खोक्यात मिळेल या भरवशावर राहू नका. मात्र अर्धे काम विकत घेऊन अर्धे घरी करता येते. त्यासाठी मापाची गोष्ट समजली पाहिजे.

नमुन्याच्या गाड्यांचे रूळ जगभर ठराविक रुंदीचे असतात. एक ९ मिलिमीटरचा, एक साडेसोळा मिलिमीटरचा, एक ३२ मिलिमीटरचा. आपल्या ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले तर पावणेनऊ येतात, म्हणजे ९ मिलिमीटरचा रूळ मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या नमुन्याला जुळतो. ४८ ने भागले तर सुमारे १६ येतात, म्हणजे साडेसोळाचा रूळ अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याला चालतो. अमेरिकेत अडीच फुटी, म्हणजे ३० इंची गाड्यांचे नमुने याच मापात करतात.

शहरात ओळख असेल आणि हात बारीक कामाला सरावलेला असेल, तर साडेसोळा मिलिमीटर रुळावर चालणारे, आठ जोडचाकांचे जुने इंजिन मिळवावे, त्याची वरची काया काढून टाकावी आणि खालच्या चालत्या भागावर आपल्या इंजिनाची पत्र्याची काया बसवावी. जुना माल घेताना मात्र बैल पारखून घेतो तसा पारखून घ्या. विकणाऱ्यासमोरच रुळावर चालवून पाहा, पुढे आणि मागे, हळू आणि जलद. दातेरी चाक तडकलेले असेल तर प्रत्येक फेऱ्याला एकदा उचकी लागते. दांडे वाकलेले असतील तर इंजिन लंगडते. मोटर पाच मिनिटांत हाताला चटका देऊ लागली तर सौदा सोडून द्या. किमती म्हणाल तर चांगल्या शेळीपासून दुभत्या गाईपर्यंत जातात. विलायतेतल्या त्या मॅनिफोल्ड खोऱ्याच्या इंजिनांचे पितळी संचही निघालेले आहेत, पण ती इंजिने सहा जोडचाकांची. त्यांच्यावर बार्शीचे नाव रंगवू नका. बहीण झाली म्हणून तोंडवळा एकच नसतो.

सुताराचे माप कामाला आले

आम्ही तिसरा रस्ता धरला. ३२ मिलिमीटरचा रूळ आणि चोविसावा हिस्सा. याचे कारण असे, की हे माप आपल्या गावच्या सुताराच्या पट्टीवर तंतोतंत बसते. मुळातला एक फूट म्हणजे नमुन्यातला अर्धा इंच. अर्ध्या इंचाची चार सूत. म्हणजे मुळातले ३ इंच बरोबर नमुन्यातले १ सूत. एवढे एक सूत्र पाठ केले, की गणकयंत्र लागत नाही.

रुळांमधले अंतर ३० इंच, म्हणजे १० सूत, सव्वा इंच. बार्शी लाइटच्या मालडब्याची चौकट २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. लांबी १०० सूत, म्हणजे साडेबारा इंच, रुंदी २८ सूत, म्हणजे साडेतीन इंच. पाच फुटी स्लीपर म्हणजे २० सूत, अडीच इंच. साडेचार फूट उंचीचा बैल १८ सूत, म्हणजे सव्वादोन इंच. पोळ्याला मातीचे बैल करता, त्यांतली या उंचीची जोडी निवडून ठेवा. तुमच्या स्थानकावरच्या कापसाच्या गाडीला ती अगदी जुळेल.

माझा पुतण्या दहावीला गणितात नापास झालेला. प्रमाण आणि गुणोत्तर म्हटले की त्याचा घसा कोरडा पडे. पण अण्णांनी "खांबाची उंची अठरा फूट" म्हटले, की पोरगा पट्टी न पाहता "बाहत्तर सूत, नऊ इंच" म्हणू लागला. याचा गवगवा मी केला नाही. त्यालाही तो गणित करतो आहे हे बरेच दिवस कळले नव्हते.

इंजिनाचा आराखडा हाती नसेल तर छायाचित्रावरून माप काढता येते. छायाचित्र बरोबर बाजूने घेतलेले हवे, तिरपे नको. त्यात एखादी माहीत असलेली लांबी शोधा. ती पट्टीने मोजा, आणि बाकीची मापे त्याच प्रमाणात काढा. चाकांची संख्या मोजा, धुराडे पहिल्या चाकाच्या पुढे आहे की वर ते पाहा, आणि लोखंडी चौकट चाकांच्या आतून गेली आहे की बाहेरून, तेही पाहा. नवशिका हटकून इथेच चुकतो.

बांधणीचा क्रम

रूळ : सरकीच्या पेंडीच्या किंवा कापसाच्या गठड्यांना जी लोखंडी पट्टी बांधून येते, तीच आम्ही वापरली. बाभळीच्या लाकडाचे अडीच इंची स्लीपर कापून त्यांत हॅकसॉच्या पात्याने दोन खाचा पाडल्या आणि पट्टी उभी ठोकून बसवली. खाचांमधले आतले अंतर १० सूत राहावे म्हणून तेवढ्या मापाचा एक लाकडी ठोकळा करून जवळ ठेवा आणि प्रत्येक स्लीपरला लावून पाहा. पट्टीची कड कानशीने घासल्याशिवाय हात लावू नका. विळ्यासारखी कापते.

चाके : ही लेथवर कातून घ्या. आमची जोडचाके सव्वा इंच व्यासाची आली. चाकाला आतल्या बाजूने कड हवी, आणि एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये ९ सूत अंतर ठेवावे, म्हणजे रुळापेक्षा एक सूत कमी. याहून घट्ट ठेवले तर गाडी वळणावर अडते, सैल ठेवले तर घसरते. आठ जोडचाके एका सरळ चौकटीत असल्यामुळे वळणावर मधली चाके रुळाशी भांडतात. म्हणून मधल्या दोन आसांच्या चाकांची कड कातून टाका आणि वळणाची त्रिज्या ४ फुटांपेक्षा कमी ठेवू नका.

दांडे : इथे आमची दुसरी चूक झाली. चाकांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्यांची भोके आम्ही वेगवेगळी पाडली. दिसायला सगळी सारखी, पण अर्ध्या सुताचा फरक पडला आणि चाके एक फेरा पुरा करीनात. पट्ट्या एकावर एक घट्ट बांधून सगळी भोके एकदम पाडावीत, आणि आसांची भोकेही त्याच पट्टीवरून आखावीत. आणखी एक गोष्ट. डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकाच वेळी वर येता कामा नयेत. त्यांच्यात काटकोन हवा. सायकलचे पायडल बरोबर डोक्यावर आले की त्यावर कितीही जोर द्या, चाक फिरत नाही. दांडा सरळ रेषेत आला की इंजिनाचेही तसेच होते. एक बाजू अशी अडली, तर दुसरी बाजू जोरात असावी, म्हणून खऱ्या इंजिनातही हा काटकोन असतो. चारही आसांवर तो सारखाच हवा.

मोटर : १२ व्होल्टची, दातेरी चाकांची पेटी जोडलेली लहान मोटर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळते. तिचे फेरे किती असावेत? गाडी ताशी २४ किलोमीटर धावते असे धरा. चोविसाव्या हिश्श्याने नमुन्याला ताशी १ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मीटर चालायचे आहे. सव्वा इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १० सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे मिनिटाला १७० च्या आसपास फेरे झाले. १५० ते २०० फेऱ्यांची मोटर घ्या. यापेक्षा जलद घेतली तर गाडी खेळण्यासारखी पळते. मोटर एकच आस फिरवते, बाकीचे दांड्यांनी फिरतात.

बॅटरी : टेंडरमुळे सुटलेली अडचण ती हीच. पहिल्या इंजिनात बॅटरीला जागा नव्हती. टेंडरच्या पोटात ती आरामात बसली, वर कोळशाचा चुरा चिकटवला. बॅटरी गाडीतच असल्यामुळे रुळातून वीज द्यावी लागत नाही, आणि खेड्यात वीज गेली तरी गाडी चालते. लिथियमची बॅटरी घेतली तर तिच्याच चार्जरने भरा, आणि माणूस जवळ असताना भरा.

काया : बॉयलरला ४० मिलिमीटरचा पाइपलाइनचा पी. व्ही. सी. तुकडा. केबिन आणि टेंडरला तेलाच्या डब्याचा पत्रा. रिव्हेट दाखवायला पत्रा मऊ लाकडावर उलटा ठेवून बोथट खिळ्याने आतून हलकेच टिचक्या मारायच्या. पुढून ओळीने दाणे उठतात. रंग काळा, पण चकाकणारा नको. डाग देताना खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

एक कळकळीची सूचना

हे सर्व वाचून एखादा हुशार मुलगा म्हणेल, की खरी वाफच का करू नये? कृपा करून घरी डब्यात किंवा पाइपात पाणी कोंडून उकळू नका. कोंडलेली वाफ म्हणजे सुरुंग. खऱ्या वाफेचे लहान बॉयलर तांब्याचे असतात, चांदीच्या डागाने जोडतात, त्यांना वाफ सोडणारी झडप असते, आणि आधी थंड पाण्याच्या दाबाने त्यांची परीक्षा घेतात. ते जाणत्या कारागिराचे काम आहे.

खर्चाचा हिशेब

मोटर ३५० रुपये, बॅटरी आणि चार्जर ६००, लेथची मजुरी आणि लोखंड ९००, पितळी पट्टी २५०, रंग २२०, स्क्रू, डाग आणि किरकोळ १८०. एकूण २,५०० रुपये. पत्रा, लाकूड, पाइप घरचेच. गाडी चालते ती ८ फूट लांब, दीड फूट रुंद फळीवर. इंजिन आणि तीन डबे मिळून चार-साडेचार फूट होतात, तेव्हा स्थानक, एक सांधा आणि लिंबाच्या झाडाला जागा उरते. सुरुवातीला वळण नकोच, सरळ फळी पुरे.

ज्यांना खरी जुनी इंजिने पाहायची असतील, त्यांनी दिल्लीला गेल्यास राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चुकवू नये. ते १९७७ साली उघडले. माथेरानच्या छोट्या गाडीचे इंजिनही तिथे आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचे लहान रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना घेऊन जावे असे ते ठिकाण आहे.

पास की नापास

ज्येष्ठ महिन्यात पहिला पाऊस पडून गेला त्या संध्याकाळी आम्ही फळी ओसरीवर मांडली. अण्णांना खुर्चीवर बसवले. त्यांनी इंजिनाला हात लावलाच नाही. आधी रूळ मागितला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही बोटे पट्ट्यांवरून सावकाश नेली. सांध्यापाशी थांबले.

"हितं कोण बसलं हुतं ठोकाय?"

पुतण्या म्हणाला, "मी, आजोबा."

"उजवा रूळ उचाललाय. केसभर."

आम्हांला डोळ्यांनी दिसत नव्हते. पट्टी लावली तर खरोखरच एका स्लीपरवर पट्टी वर आली होती. पोराने ती काढून खाच खोल केली आणि पुन्हा बसवली. अण्णांनी परत बोट फिरवले, मान हलवली, मग म्हणाले, "आता सोडा."

गाडी निघाली. मोटरीचा बारीक घुरघुर आवाज, आणि रुळाच्या जोडावर टकटक. त्या टकटकीला अण्णांनी मान तिरपी केली आणि जोड मोजू लागले. एक, दोन, तीन. गाडी फळीच्या टोकाला थांबली तेव्हा त्यांनी हात पुढे केला, इंजिन चाचपले, मागे टेंडरपर्यंत हात नेला आणि तिथेच ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पुतण्याला म्हणाले, "रोज बगत जा त्यो सांधा. गाडी पडली तर नाव माझं हुईल."

तेव्हापासून पोरगा शाळेतून आल्यावर आधी सांधा पाहतो. गणिताची फेरपरीक्षा त्याने दिली आहे, निकाल यायचा आहे. तो काय लागायचा तो लागेल.

वाचकहो, तुमच्या गावाजवळून छोटी गाडी गेली नसेल. पण तुमच्याकडे मोट होती, बैलांचा घाणा होता, गुऱ्हाळ होते, हातमाग होता. त्यांचे माप ज्यांच्या हातांत आहे ती माणसे अजून तुमच्या ओसरीवर बसलेली आहेत. सुगी आटोपली की एक वही आणि सुताराची पट्टी घेऊन त्यांच्याजवळ बसा. किती हात, किती वीत, कुठला लाकूड, कुठला खिळा, हे विचारा आणि लिहून घ्या. नमुना पुढच्या वर्षी केला तरी चालेल. विचारणे मात्र या वर्षीच उरका.